तीन पिढ्या, एक घर आणि सात मोबाईल: आजच्या काळातली कथा लिहायला बसलेल्यांसाठी

मे-जून आला की दिवाळी अंकांचं वारं सुटतं आणि आमच्या कथावाचनाच्या ग्रुपवर नव्या पोरापोरींच्या कथा येऊन पडायला लागतात. त्यातल्या बऱ्याच कथांमध्ये एक आजोबा असतात जे गच्चीवर उसासे टाकत बसतात, एक नातू असतो जो मोबाईलमधून मान वर काढत नाही, मग लाईट जाते, वायफाय बंद पडतं आणि दोघं मस्त गप्पा मारायला लागतात. संपली कथा. आता कथेत लाईट गेली की पुढचं आम्हीच सांगून टाकतो.

म्हणून हे लिहितोय. पिढी आणि टेक्नॉलॉजी या विषयावर कथा लिहायची तर नेमकं कुठून सुरू करायचं, काय गोळा करायचं आणि कुठं घसरायला होतं ते क्रमानं सांगतो. माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूला. पात्र कुठल्या पिढीचं ते त्याच्या मतांवरून कळत नाही. घरात कुठलं यंत्र कधी आलं, ते कुणाच्या ताब्यात राहिलं आणि आज कोण कुणापुढं फोन धरून "जरा बघ की रे हे" म्हणतंय, तिथं ती पिढी दिसते.

आधी हे जवळ ठेवा

- एक दोनशे पानी वही. मोबाईलमधल्या नोट्स चालतील पण वहीत बाण काढता येतात.
- घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आणि त्याचा दुपारच्या चहानंतरचा वेळ.
- घरातली जुनी टेलिफोन डायरी, जुन्या लग्नपत्रिका (नंबरापुढं पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहिलेल्या असतील तर सोनं), रेडिओच्या लायसनचं पुस्तक, एसटीडी बूथच्या पावत्या.
- कपाटातला बंद पडलेला बटणांचा फोन. चार्जर मिळाला आणि चालू झाला तर आतले एसएमएस वाचा.
- फॅमिली ग्रुपचं चॅट. हे फक्त कानाला सवय व्हावी म्हणून, कोण कसं टाईप करतं ते बघायला. त्यातलं वाक्य उचलून छापायचं असेल तर त्या माणसाला विचारा, नाहीतर दिवाळीच्या फराळाला बोलावणं यायचं नाही.
- युनिकोडमध्ये मराठी टायपिंग. याचं शेवटी सांगतो.

१. मिलेनियल, जेन झी ही लेबलं बाहेर ठेवा

१९८१ ते १९९६ मध्ये जन्मले ते मिलेनियल आणि १९९७ ते २०१२ वाले जेन झी, ही जी वाटणी सगळीकडं फिरते ती अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्यांनी त्यांच्या सोयीसाठी केलेली आहे. आपल्याकडं ती नुसती चिकटवली की पात्र कागदी होतं. समजा एक मुलगी १९९८ ची, कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढलेली, शाळेत असताना घरात ब्रॉडबँड, ऑर्कुटवर मैत्रिणींचे स्क्रॅप वाचलेली. आणि एक मुलगा पण १९९८ चाच, पण राधानगरीकडच्या एखाद्या वाडीतला, ज्याच्या हातात इंटरनेट पहिल्यांदा आलं ते २०१६ नंतर स्वस्त डेटा आल्यावर, आणि आलं ते थेट व्हिडिओ घेऊनच, मधलं ईमेल, सायबर कॅफे, ऑर्कुट त्यानं बघितलंच नाही. लेबल एकच, पण हे दोघं एका पिढीचे आहेत का?

कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९२८ मध्येच पिढ्यांवर निबंध लिहिला होता. नुसतं एका साली जन्मून पिढी होत नाही, तरुण वयात एकाच उलथापालथीत एकत्र सापडलेल्यांची पिढी होते, आणि त्यातही गट पडतात, असं त्याचं साधारण म्हणणं. कथा लिहिणाऱ्याला एवढं पुरे. प्रत्येक पात्रापुढं लिहून ठेवा की हा सोळा-सतराचा असताना काय घडत होतं. २०१९ च्या महापुरात जो सतरा वर्षांचा होता तो वेगळा आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जिनं दहावीच्या वर्षात मोबाईलवर क्लास केले ती वेगळी, वयात दोन-तीन वर्षांचाच फरक असला तरी.

२. घराची यंत्रवही भरा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. वहीत चार रकाने पाडा: काय आलं, कधी आलं, कुणाच्या पैशानं आलं, कुणाच्या ताब्यात राहिलं. रेडिओपासून सुरू करा, कारण रेडिओला एके काळी लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

चौथा रकाना नीट भरा, कथा तिथंच असते. लँडलाईन फोन घरात यायला कित्येकांनी वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि आल्यावर काय केलं, तर डायलला छोटं कुलूप लावलं! किल्ली आजोबांच्या बंडीच्या खिशात. फोन सगळ्यांचा पण नंबर फिरवायचा अधिकार एकाचा. मग पोरं काय करायची, डायल न फिरवता खालची खिटी ठराविक वेळा दाबून नंबर लावायची. हे वाक्य ज्या माणसाकडून येईल त्याला थांबवू नका, बोलू दे. त्यानंतर शेजाऱ्याचा फोन, म्हणजे पी.पी. नंबर. आपल्याला आलेला फोन शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये, त्यांच्या सगळ्या घरासमोर उभं राहून घ्यायचा. प्रेमप्रकरण असेल तर काय बोलणार? "हो. बरं. चालेल. ठेवतो." या चार शब्दांत एका पिढीनं लग्नं जमवली आणि मोडली. आज नातीच्या फोनला पॅटर्न लॉक आहे आणि आजी म्हणते काय एवढं लपवतीस, तेव्हा त्या आजीनं कधी कुणाच्या हॉलमध्ये उभं राहून दबक्या आवाजात "चालेल" म्हटलं होतं का ते शोधा.

मग मिसकॉलचा काळ. "पोचलास की मिसकॉल दे." एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड देऊन गाणी भरून आणायची. दिवाळी-पाडव्याला एसएमएसचं पॅकेज चालायचं नाही, म्हणून शुभेच्छा आदल्या दिवशीच उरकायच्या. बारावीचा निकाल सायबर कॅफेत, रजिस्टरमध्ये नाव लिहून, मागं पाच जण मान लांब करून उभे.

गावाकडचं घर असेल तर दूध संस्थेतलं फॅटचं मशीन विसरू नका. ज्या म्हातारीला चरवीत बघून दूध कसं आहे ते कळायचं तिच्या हातात आता छापील स्लिप येते, आणि ती वाचायला नातू लागतो. उसाचं वजन, बिल जमा झाल्याचा मेसेज, ऑनलाईन सातबारा, हे सगळं पण वहीत. टेक्नॉलॉजी म्हणजे नुसता स्मार्टफोन असं समजून बसलात तर अर्धी कथा हातची जाईल.

(आणि "हे असलं तंत्रज्ञान आपल्या मातीतलं नाही हो" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता, आणि प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच निघाली, पुण्याला गेली ती १९३३ ला.)

३. तारखा तपासा, नाहीतर पहिल्याच पानावर पकडले जाल

आमच्याकडं एका कथेत १९९३ साली नायक बसस्टँडवर मोबाईलवर बोलत होता. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट त्याच वर्षी १५ ऑगस्टला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, म्हणजे १९७० च्या कथेत शिवाजी पेठेत टीव्ही नको. रंगीत टीव्ही १९८२, एशियाडच्या वेळचा. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लावणारी रामायण मालिका १९८७ ला सुरू झाली.

इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. त्याआधीच्या कथेत आलेला फोन उचलायला पण पैसे पडायचे, हे विसरून पात्रं तासतास बोलत बसतात. तार बंद झाली जुलै २०१३ ला. ऑर्कुट २००४ ते २०१४. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ पासून, पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करणं २०१७ पासून, त्यामुळं २०१२ च्या प्रेमकथेत निळी टीक बघून रडणारी नायिका नको. जिओ आणि यूपीआय दोन्ही २०१६. टिकटॉकवर बंदी जून २०२०. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी.

आणि देशात आलं म्हणजे तुमच्या पात्राच्या घरात आलं असं नाही. ती तारीख यंत्रवहीतूनच घ्या.

४. फोन लिहू नका, हात लिहा

"आजोबांना मोबाईल वापरता येत नव्हता" हे वाक्य मेलेलं आहे. त्यापेक्षा त्यांचा हात बघा. एका बोटानं, ताकद लावून, दाराची बेल दाबावी तसं स्क्रीन दाबतात, मग स्क्रीनला वाटतं दाबून धरलंय आणि भलतंच उघडतं. बाबा फोन चष्म्यापासून लांब धरून वाचतात. मुलगी अंगठ्यानं टाईप करताना बोलणाऱ्याकडं बघत असते.

सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका कारागिराची कथा आहे असं समजा, आणि त्याला रेशनची केवायसी करायचीय. असं लिहून बघा:

म्हाताऱ्यानं मशीनवर अंगठा ठेवला. लाल. "पुसा की मामा जरा." त्यानं धोतराला अंगठा पुसला, परत ठेवला. लाल. "दुसरं बोट द्या." दुसरं बोट. आरी-रापी धरून, चामडं घासून बोटांवरच्या रेघा कधीच्या गेलेल्या. मागची बाई म्हणाली, "मामा, थोडं तेल लावून बघा." दुकानदार म्हणाला, "तेल नको, मशीन खराब होतंय." नातवानं त्याचा हात हातात घेतला, अंगठा तिरका केला, कडेनं दाबला. हिरवं. "झालं बघा," नातू म्हणाला. म्हातारा अंगठ्याकडंच बघत राहिला.

यात कुणी कुणाला पिढीबद्दल भाषण दिलं नाही. पेन्शनवाल्यांचं पण तसंच, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, २०१४ पासून तो ऑनलाईन पण देता येतो, आणि बोट जुळलं नाही की जिवंत माणूस मशीनपुढं हयात ठरत नाही. यावर लिहायला माणसं का पुढं येत नाहीत मला कळत नाही.

एकच गोष्ट प्रत्येक पिढीला कशी कळते ते लिहिणं, हा दुसरा उपाय. कोल्हापूरकराला यासाठी पंचगंगेचा पूर पुरेसा आहे. आजोबा विचारतात शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का (पुलाला पाणी किती चढलं ते सांगायची जुनी खूण). बाबा विचारतात पाणी जामदार क्लबपर्यंत आलं का. पोरगं मान वर न करता सांगतं, "राजाराम बंधारा एक्केचाळीस फूट." इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे शेंबड्या पोराला पण पाठ असतं इथं. तिघं एकाच नदीबद्दल बोलतायत आणि तिघांचं पाणी वेगळं. मग ग्रुपवर धरण फुटल्याची अफवा येते आणि ती सगळ्यात आधी कोण फॉरवर्ड करतं? ते ठरवा, पण सरसकट म्हाताऱ्यांवर ढकलू नका.

५. मोबाईलमुळं कथानक मरत असेल तर बॅटरी संपवू नका

नव्या लेखकांची ही खरी अडचण आहे. जुन्या कथा चालायच्या पत्र न पोचण्यावर, निरोप चुकण्यावर, स्टेशनवर चुकामूक होण्यावर. आता एक कॉल केला की गैरसमज मिटतो. मग काय करतात, तर चार्जिंग संपवतात, नाहीतर घाटात रेंज घालवतात. एकदा ठीक आहे, करूळ घाटात रेंज जाते खरीच. पण दर कथेत नको.

उलटं करा. फोनमुळं लोकांना जास्त कळतं, नको तेवढं कळतं, त्यातून भांडण उभं करा. लास्ट सीन रात्री दोन वाजताचं. चुलत्यानं ग्रुपमधून काढलं आणि "लेफ्ट" नाही तर "रिमूव्ह" दिसलं. वाटणीच्या बोलण्याचं कॉल रेकॉर्डिंग. बहिणीचा स्क्रीनशॉट. लग्न ठरताना मुलीच्या इन्स्टाचे २०१८ चे फोटो कुणीतरी खाली-खाली जाऊन काढले.

माझं आवडतं उदाहरण यूपीआयचं आहे. स्कॅन केलं की खातेदाराचं नाव दिसतं. आता कपिलतीर्थ मंडईत बसणारी एक भाजीवाली आजी घ्या. पेटीवर स्कॅनर चिकटवलाय, शेजारी आवाजाचा डबा. दिवसभर डबा ओरडतोय, "तीस रुपये प्राप्त झाले," "पन्नास रुपये प्राप्त झाले." आजी खूश, कारण सुट्ट्यांची कटकट गेली. एक गिऱ्हाईक स्कॅन करून विचारतं, "मावशी, हे महेशच्या नावावर जाईल, चालेल न्हवं?" महेश म्हणजे पोरगा. "व्हय व्हय, त्योच बघतोय सगळं." संध्याकाळी तिच्या कनवटीला पूर्वी नोटांची सुरळी असायची, आता काही नसतं, आणि चहाच्या पैशासाठी पोराला हाक मारावी लागते. पोरगा वाईट नाही. देतो मागितले की. पण मागावे लागतात! इथं लाईट जायची गरज नाही, आजीला मोबाईल येत नाही म्हणून हसायची पण गरज नाही, पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला एवढंच दाखवायचंय. सुनेला यातलं किती माहिती आहे ते तुम्ही ठरवा.

६. बोलणं आणि टायपिंग

माणूस बोलतो तसा टाईप करत नाही. आजी बोलते, "आरं, मामाचा फोटू आलाय व्हय त्यात? मोठा कर की." पण आजी टाईप करत नाही, ती माईक दाबून बोलते आणि मध्येच बोट सुटतं, म्हणून तिचे तीन अर्धे-अर्धे व्हॉईस मेसेज येतात. बाबा पत्र लिहिल्यासारखं लिहितात, आधी "चि. सुजय यास", खाली स्वतःचं नाव, जणू नंबरावरून कळणार नाही. आई शुभ सकाळचं फूल पाठवते आणि त्याच्याच खाली "डबा परत आणलास का". सुजयचं उत्तर: "हो". बहिणीला मात्र तोच सुजय सतरा ओळी लिहितो.

पोरं रोमन लिपीत टाईप करतात, कथेत ते तसंच्या तसं ठेवलं तर दोन पानांत डोळे दुखतात. देवनागरीत आणा पण तोडून ठेवा, "कय करतोयस", "येतो न मग", पूर्णविराम काढून टाका. मेसेजसाठी एकच पद्धत ठरवा, अवतरणचिन्हं किंवा वेगळी ओळ, आणि शेवटपर्यंत तीच. इमोजी छापखान्यात चौकोन होऊन येतात, त्यामुळं हात जोडले, अंगठा दाखवला असं शब्दांत लिहा.

तरुण पात्र म्हणजे इंग्लिश झाडणारं पात्र नव्हे. कोल्हापुरातलं पोरगं "भावा, विषय हार्ड" म्हणतं. पण हे शब्द लवकर शिळे होतात, कथेत दोन-तीन पुरेत.

७. जिथं हमखास घसरायला होतं

उपदेश. "यंत्रं जवळ आली, माणसं दुरावली" असलं वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी आलं की खोडा.

म्हातारं माणूस म्हणजे अडाणी हे दुसरं. ज्यानं साखर कारखान्यात बॉयलर सांभाळला तो यंत्राला घाबरत नाही, तो पासवर्डला कंटाळतो. हा फरक आहे.

मधली पिढी गायब करणं हे तिसरं, आणि फार होतं. आजी-नातवंडाचं गोड चित्र काढताना चाळिशी-पन्नाशीतले आईबाप फक्त चहा आणून देतात. वास्तविक सगळ्यात अडचणीत तेच आहेत, वर आईच्या बँकेचे ओटीपी सांभाळायचे, खाली पोराचा स्क्रीन टाईम मोजायचा, आणि स्वतः ऑफिसातल्या नव्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग घ्यायचं ज्यात शिकवणारी पोरगी त्यांना "सर, इथं क्लिक करा" म्हणते.

आणि कथा एआयकडून लिहून घेऊ नका. नैतिकतेचं सोडा, ओळखू येतं. आजोबा परत गच्चीवर जाऊन उसासे टाकायला लागतात. हां, कथेतल्या एखाद्या पात्रानं एआय वापरला तर झकास, म्हणजे आजोबा गेल्यावर नातवानं श्रद्धांजली तिथून लिहून घेतली, सगळ्यांना फार आवडली, आत्यानं फोन करून रडत सांगितलं किती छान लिहिलंस. आता तो काय करणार?

८. दोघांना वाचून दाखवा

एक साठीच्या पुढचं, एक विशीच्या आतलं. वेगवेगळं बसवा. मत विचारू नका, "छान आहे" म्हणतील. कुठं फोनकडं हात गेला ते बघा, तिथं कथा सैल आहे.

९. पाठवताना

मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ च्या "मनोरंजन"पासूनची, पण आज कथा मागतात ती ईमेलवरच. बहुतेक संपादक युनिकोड मागतात. जुन्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलं असेल तर ते श्रीलिपी किंवा कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात, म्हणून आधी कन्व्हर्ट करून घ्या आणि कन्व्हर्ट केल्यावर रफार, र्‍य आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून तपासा, हटकून तिथंच मोडतात. बोलून टाईप करणार असाल तर "न्हाई", "व्हय", "आलंया" हे सगळं तो कीबोर्ड शहाणपणानं सुधारून टाकतो, संवाद हातानंच टाईप करा.

एका वेळी एकाच अंकाला पाठवा. जून-जुलैपर्यंत जायला हवी, गणपतीनंतर पाठवलेली कथा पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात जाते. फाईलला "कथा फायनल नवीन २" असं नाव देऊ नका, कथेचं नाव आणि तुमचं नाव द्या, आणि फाईलच्या आत शेवटी पण नाव, पत्ता, नंबर टाका, कारण प्रिंट काढल्यावर ईमेल कुणाचा होता ते कुणाला आठवत नाही. मानधनाचं आधीच विचारलं तरी चालतं. महिनाभर उत्तर आलं नाही तर एक साधा मेसेज करा, फोन नको, आणि तो मेसेज बाबांसारखा लिहा: नाव, कथेचं नाव, पाठवल्याची तारीख.